गुळाच्या खड्यात दीड लाख परार्ध

वाघोली, केसनंद मागे टाकून राहूच्या रस्त्याला लागलं की थंडीच्या दिवसांत गुऱ्हाळ दिसायच्या आधी त्याचा वास येतो. मुळा-मुठा आणि भीमा यांच्या मधल्या या टापूला राहू बेट म्हणतात. अलीकडे दौंड, पलीकडे शिरूर, आणि नजर जाईल तिथवर ऊस. इतका, की बिबट्यानेही इथे कायमचं बिऱ्हाड थाटलंय.

गेल्या हंगामात अशाच एका गुऱ्हाळावर थांबलो होतो. काहिलीत पाक रटरटत होता. भेंडीच्या चिकाने वर आलेली मळी काढून झाली होती आणि फेसाचा रंग पालटत चालला होता. गुळव्याने पाकाचे चार थेंब गार पाण्यात सोडले, बोटांनी त्यांची गोळी वळली आणि काहिलीच्या काठावर आपटली. आवाज पटला असावा. "उतरा," एवढंच म्हणाला. थर्मामीटर लावला असता तर पारा ११५ अंशांच्या आसपास दिसला असता. पाक वाफ्यात ओतून झाल्यावर त्याने कडेचा एक कोमट खडा माझ्या हातावर ठेवला. असेल दहाएक ग्रॅमचा.

खडा तोंडात गेला आणि डोक्यात आकडेमोड सुरू झाली. ही माझी जुनी खोड.

दहा ग्रॅम गुळात साधारण साडेआठ ग्रॅम साखर. शाळेत अकरावीला ज्याने छळलं त्या अव्होगाड्रोच्या आकड्याने हिशेब केला तर या खड्यात साखरेचे रेणू किती? पंधरावर एकवीस शून्यं. एवढ्या आकड्याला नाव कुठून आणायचं, असा प्रश्न मराठी माणसाला पडू नये. भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती'त ती सोय करून ठेवली आहे. कोटीच्या पुढे अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि सगळ्यात शेवटी परार्ध, म्हणजे एकावर सतरा शून्यं. लहानपणी हे पाठ करताना वाटायचं, परार्धापर्यंत मोजायला आहे काय जगात? आहे. माझ्या तोंडात विरघळत असलेल्या खड्यात दीड लाख परार्ध रेणू होते.

आता हे मनाला कसं पटवायचं? विश्वाचं वय सुमारे १३८० कोटी वर्षं. त्याचे सेकंद केले तर ते सव्वाचार-साडेचार परार्धांच्या आत बसतात. विश्व जन्मलं त्या क्षणापासून सेकंदाला एक रेणू या गतीने कुणी हा खडा खात बसला असता, तर आजवर त्याने खड्याचा चौतीस हजारावा भाग संपवला असता.

आकडा थोर आहे, पण खरं सांगायचं तर जरा पोकळही आहे. तेवढेच शून्यांचे डोंगर चिमूटभर मिठातही सापडतात. रेणू किती याला महत्त्व नाही, त्यांचं पुढे काय होतं याला आहे. आणि ते बघायला फार लांब जायचं नव्हतं. गुऱ्हाळासमोरच्या फडात ऊसतोडीची टोळी उतरली होती.

टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एका कोयत्याने दिवसाकाठी दोन टन ऊस पाडला तर दिवस चांगला गेला म्हणायचा. दोन टन हे बोलायला सोपं आहे. एक ऊस सव्वा किलोचा धरला तर ते १६०० ऊस झाले. प्रत्येकाला बुडाशी घाव, शेंड्याशी घाव, मध्ये पाचट उतरवायला एखादा हात. तिनाच्या हिशेबाने रोज ४८०० वेळा हात वर जाऊन खाली येतो, आणि त्यातले बरेचसे घाव कमरेत वाकून. मग वीस किलोची एक अशा शंभर मोळ्या. त्या डोक्यावर घ्यायच्या आणि उभ्या लावलेल्या फळीवरून चढून वाहनात टाकायच्या. १२० दिवसांचा हंगाम धरा. २४० टन ऊस आणि पावणेसहा लाख घाव, दोन माणसांत.

व्यायामशाळेत घाम गाळणारा कुणी एवढा 'व्हॉल्यूम' मारत असेल तर मला भेटवा.

तालमीतला पैलवान जवळपास पोचतो, हे मान्य करायला हवं. पैलवान व्यायामाला व्यायाम म्हणत नाहीत, मेहनत म्हणतात, आणि हा शब्द त्यांनी उगाच निवडलेला नाही. हजार बैठका मारणाऱ्या गड्याचं धड दर बैठकीला अर्धा मीटर तरी वर येतं. हजार बैठकांत तो स्वतःला अर्धा किलोमीटर उचलतो. ३३०० बैठका झाल्या की समुद्रसपाटीपासून कळसूबाईच्या माथ्याएवढी, म्हणजे १६४६ मीटरची चढाई होते. गामा पैलवानाच्या बैठका पाच हजार होत्या असं सांगतात. सांगणारे पैलवान असल्यामुळे थोडी सूट द्यावी, पण निम्म्या धरल्या तरी माणूस रोज सव्वा किलोमीटर उंची चढत होता, तेही जागच्या जागी.

आता गंमत बघा. हाच हिशेब भौतिकशास्त्राला विचारला तर ते खांदे उडवतं. दोन टन ऊस तीन मीटर वर चढवला आणि मोळीवाल्याने शंभर वेळा स्वतःचं शरीरही फळीवर नेलं, तर काम झालं साधारण ५० कॅलरींचं. म्हणजे १३ ग्रॅम गूळ. माझ्या हातावर ठेवलेल्या खड्यापेक्षा थोडा मोठा खडा, आणि दिवसाची भरणी फिटली! वाकून उभं राहणं, मोळी तोलून धरणं, डोळ्यांत जाणारं कुसळ झटकत पुढचा ऊस पकडणं, याला भौतिकशास्त्र शून्य मार्क देतं, कारण वजन जागचं हललं नाही. शरीर मात्र त्याचं पुरेपूर बिल लावतं. स्नायूला मिळालेल्या इंधनातला चौथा-पाचवा हिस्साच कामी येतो, बाकी सगळं उष्णता होऊन घामावाटे जातं. म्हणूनच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या कोष्टकात जड काम करणाऱ्या ६५ किलोच्या पुरुषाला रोज ३४७० कॅलरी लागतात आणि ५५ किलोच्या बाईला २७२०.

हे इंधन जळतं कसं? स्नायूला गूळ कळत नाही आणि भाकरीही कळत नाही. त्याला एकच नाणं चालतं, एटीपी. शरीरात कुठल्याही क्षणी हे नाणं शंभरेक ग्रॅमच असतं. तेवढंच पुन्हा पुन्हा मोडायचं आणि पुन्हा पुन्हा पाडायचं. दिवसभरात अशी पाडलेली नाणी तोलली तर वजन माणसाच्या स्वतःच्या वजनाएवढं भरतं. पेढीवर शंभर रुपये ठेवून दिवसाला साठ-सत्तर हजारांची उलाढाल करणारा सावकार पुण्यातही मिळायचा नाही.

टोळीतली एक बाई पाणी प्यायला गुऱ्हाळावर आली होती. मराठवाड्याकडची. मी विचारलं, "ताई, रात्री अंग ठणकतं का?" माझ्याकडे बघून हसली. "ठणकतंय तर काय! पर पहाटं उठावंच लागतंय की." मग जाता जाता म्हणाली, "चढताना काय वाटत नाही. उतरताना मांड्या कापत्यात."

तिला कुणी शिकवलं नसेल, पण बोलली ती शंभर टक्के शास्त्राचं. ओझं घेऊन चढताना स्नायू आखडत काम करतो. फळीवरून रिकाम्या डोक्याने उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना भार सोसतो, आणि बारीक मोडतोड होते ती या ताणण्यात. बैठकीतही तेच. त्रास देतं ते खाली जाणं. दुसऱ्या दिवशीपेक्षा कधी कधी तिसऱ्या दिवशी जास्त दुखतं, त्याचं कारणही हेच. लॅक्टिक आम्ल साठतं म्हणून अंग दुखतं असं अजून सर्रास सांगतात. ते आम्ल तर तासा-दीड तासात रक्तातून निघूनही गेलेलं असतं.

मोडतोड होते कुठे, हे बघायला आत शिरावं लागेल. मांडीच्या बाहेरच्या बाजूचा एकच स्नायू घ्या. तरुण माणसात त्याचे तंतू सहा लाखांच्या घरात असतात. प्रत्येक तंतूत हजारावर धागे, आणि प्रत्येक धागा म्हणजे एकापुढे एक जोडलेले इवले डबे. असे चार हजार डबे लावले की एक सेंटिमीटर होतो. तंतू दहाच सेंटिमीटर लांब आहे असं हात राखून धरलं तरी त्या एका स्नायूत दोन शंकूंच्या वर डबे भरतात. दोनावर तेरा शून्यं. आणि हरेक डब्यात मायोसिनची लाखभर वल्ही, जी हा सगळा भार ओढतात. गुणाकार परार्धांत जातो. भास्कराचार्यांनी शेवटचं स्थान ठेवलं ते वाया गेलं नाही.

या डब्यांना ताणल्यावर पुन्हा जागेवर आणणारी एक स्प्रिंग असते, टायटिन नावाची. माणसाच्या शरीरातलं सगळ्यात लांबलचक प्रथिन. इन्सुलिनच्या माळेत अमिनो आम्लांचे ५१ मणी असतात, टायटिनच्या माळेत सुमारे ३४ हजार. आपल्या पेशी सेकंदाला पाचेक मणी ओवतात. म्हणजे टायटिनची एक माळ पुरी व्हायला जवळजवळ दोन तास. राहू स्टँडवरून निघून स्वारगेटला पोचेपर्यंत एक माळ, तीही वाहतूक मेहेरबान असली तर! अंगात असं टायटिन अर्धा किलो असतं.

एकंदरीत पाहिलं तर साध्यासुध्या माणसाचं शरीर रोज पाव किलोहून अधिक प्रथिन उसवतं आणि तेवढंच पुन्हा विणतं. आपण खातो पन्नास-साठ ग्रॅम. बाकीचे मणी जुनेच, धुऊन पुसून परत वापरलेले. इतकी काटकसर आपल्या आजीच्या गोधडीतही नसेल. पण अंगमेहनतीनंतरचे २४ ते ४८ तास विणकाम जोरात असतं, आणि तेव्हा नवे मणी कमी पडले तर शरीर दुसरीकडचं उसवतं.

मणी वीस जातींचे. त्यातले नऊ अन्नातूनच यावे लागतात. या नवांतला एक जरी संपला तरी माळ तिथेच अडते, बाकीचे ढिगाने पडलेले असोत. भाकरीची गोची इथे आहे. एका कोयत्याने, म्हणजे दोघांनी, दिवसात बाजरीच्या बारा भाकरी खाल्ल्या, दर भाकरीला ७० ग्रॅम पीठ, तर शेकडा अकराच्या हिशेबाने ९० ग्रॅम प्रथिन पोटात गेलं. दोघांना मिळून परिषदेचं कोष्टक १०० ग्रॅम सांगतं. वाटतं, झालं की! पण बाजरीत लायसिन नावाचा मणी तोकडा आहे. त्याच्या मापाने या ९० ग्रॅमपैकी दोन-तृतीयांशच माळेत बसतात. तेच लायसिन हरभऱ्यात भरपूर. पिठलं-भाकरी ही जोडी कुणी लावली माहीत नाही, पण लावणाऱ्याला एका धान्याची खोट दुसऱ्याने भरून काढायची अक्कल होती. डाळ-भाकरी, ताक-भाकरी, सगळ्यांचं गणित हेच. ठेचा-भाकरीचं मात्र नाही. ठेचा जिभेला हवा असतो, मांडीला त्याचा उपयोग नाही.

आणि १०० ग्रॅम हा आकडा रोजच्या जगण्याचा आहे. कष्टाच्या व्यायामासाठी २०१६ साली अमेरिका-कॅनडातल्या आहारतज्ज्ञांच्या आणि क्रीडावैद्यकाच्या संस्थांनी मिळून जे माप दिलं, ते किलोमागे १.२ ते २ ग्रॅम. त्या मापाने हा १२० किलोंचा कोयता १४४ ते २४० ग्रॅम मागतो.

पैलवानाचा खुराक याच भगदाडावर बेतलेला आहे. दूध, थंडाई, बदाम, तूप, अंडी, मटण. वस्तादांना ग्रॅम ठाऊक नव्हते, पण मेहनतीनंतर पोराच्या हातात तांब्या गेला पाहिजे हे ठाऊक होतं. बदामाबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. शंभर ग्रॅम बदामात २१ ग्रॅम प्रथिन, शंभर ग्रॅम शेंगदाण्यात २५. लायसिनही शेंगदाण्यातच थोडं जास्त. एक किलो बदामाच्या पैशांत शेंगदाणे चार-पाच किलो येतात. तरी जत्रेतल्या कुस्तीनंतर सत्काराला बदामाचीच पिशवी देतात, शेंगदाण्याची दिली तर अपमान होतो. बिचाऱ्या गरीब घरच्या पोराला खुराक परवडत नाही म्हणून त्याने लंगोट खुंटीला टांगावा, यात बदामाच्या या मानाचा वाटा नक्की आहे. हेलसिंकीला १९५२ साली पदक आणणारे खाशाबा जाधव ५७ किलोच्या गटात खेळले. आजच्या मापाने त्यांना दिवसाला ९० ग्रॅमच्या आसपास प्रथिन पुरलं असतं. शेर-शेर तुपाच्या दंतकथांची गरज नव्हती.

मग गूळ कशाला? गूळ हा मणी नाही, तो दिवा चालू ठेवणारं तेल आहे. स्नायूंत चार-पाचशे ग्रॅम आणि यकृतात शंभरेक ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठते. जबर मेहनतीने ती कोठी खाली झाली की पुन्हा भरायला वीस-चोवीस तास लागतात, आणि पहिल्या काही तासांत ती सगळ्यात वेगाने भरते. दर ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणीही साठतं. उन्हातून आलेल्याच्या हातावर गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या ठेवायची आपली रीत या दोन्ही आकड्यांना एकाच वेळी पुरी पडते. घामाने किलोभर वजन घटलं असेल तर सव्वा ते दीड लिटर पाणी प्यावं, हे तेवढं जोडायचं, आणि जेवणात मीठ असू द्यायचं.

गुळात लोह असतं म्हणून बायकांनी खावा, असंही सांगतात. पंचवीस ग्रॅम गुळात लोह जेमतेम मिलिग्रॅमभर निघतं. बाईची रोजची गरज २९ मिलिग्रॅमची आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. तो गुळाच्या खड्याने हटणारा नाही.

आता मूळ हिशेबाकडे येतो. तो गुऱ्हाळावरून घरी येताना जमला, आणि परार्धांच्या सगळ्या आकड्यांपेक्षा त्यानेच मला जास्त बेजार केलं. एका कोयत्याने दिवसात पाडलेल्या दोन टन उसाचा गूळ केला तर शंभराला दहा या उताऱ्याने २०० किलो निघतो. शंभर ग्रॅमला ३८० कॅलरी, म्हणजे सात लाख साठ हजार कॅलरी. कोयत्याची, दोघांची मिळून, रोजची गरज ६१९० कॅलरींची. भागाकार केला. १२२ दिवस. एका दिवसाच्या तोडीत त्या जोडप्याचा अख्खा हंगाम पोसेल एवढी ऊर्जा. आणि त्या दिवसाची मजुरी? जानेवारी २०२४ मध्ये कारखान्यांच्या तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपयांच्या घरात गेला. दोन टनांचे ७३२ रुपये. दोघांचे. त्यातून आधी घेतलेली उचल फिटायची.

शिवाय गुळात मणी जवळजवळ नाहीतच. प्रथिन अगदी नावापुरतं. ज्यांच्या हातून दिवसाला सात लाख कॅलरी जातात, त्यांना शंभर-दीडशे ग्रॅम प्रथिन मात्र किराणा दुकानातून विकत आणावं लागतं.

फडात उसाबरोबर आणखी एक वस्तू निघते, वाढं. उसाचा हिरवा शेंडा. टोळीतल्या बायका त्याच्या पेंढ्या बांधून ठेवतात आणि संध्याकाळी आसपासचे गोठेवाले मोटारसायकलवर येऊन त्या विकत नेतात. राहू बेटातल्या गाई-म्हशींच्या पोटात हंगामभर हे वाढं जातं. त्याचं दूध होतं, आणि त्या दुधाच्या लिटरमागे ३३ ग्रॅम प्रथिन असतं, भाकरीत नेमकं कमी पडणाऱ्या लायसिनने भरलेलं. मी त्या फडात दिवस मावळेपर्यंत होतो. वाढं गेलं, दूध डेअरीला गेलं, आणि कोपीपुढच्या तीन दगडांच्या चुलीवर जो चहा उकळला, तो कोरा होता.

राहू, पाटेठाण, रांजणगाव सांडस, जिथे कुठे हे वाचणारा गोठेवाला असेल, त्याला एवढंच सांगणं आहे. यंदा वाढं न्यायला जाल तेव्हा पैसे द्यालच. मोटारसायकलला दुधाची किटलीही अडकवा. पेंढ्या घेताना लिटरभर दूध तिथे ओतून या.